आधी सतरंज्या उचला!

निवडणूक आली की आपल्या वस्तीत काय होते, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. एरवी पाच वर्षे ज्यांची गाडी गल्लीच्या तोंडाशीसुद्धा थांबत नाही, ते पुढारी थेट समाजमंदिरात येतात. हार घेतात, अर्धा कप चहा घेतात आणि मंडळाच्या अध्यक्षांना बाजूला घेऊन विचारतात, "मग पाठिंब्याचं काय?" त्या रात्री बैठक बसते. बाहेरचा, पण कामाला येणारा मोठा माणूस? की आपल्यातलाच, पण पडेल असा वाटणारा कार्यकर्ता? बैठक पहाटेला संपते. भांडण मात्र पुढची दहा वर्षे चालते.

ही हकिकत अशाच एका मंडळाची आहे. फक्त मंडळ आपल्याकडचे नाही. ते अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरातले, आणि समलिंगी माणसांचे. पुरुषाचे पुरुषाशी, स्त्रीचे स्त्रीशी शरीरसंबंध असणे हा कॅलिफोर्निया राज्यात १९७५ साल संपेपर्यंत कायद्याने गुन्हा धरला जात होता. अशा माणसांची नोकरी जायची, सैन्यातून बडतर्फी व्हायची, घरचे दार बंद व्हायचे. दुसऱ्या महायुद्धात या कारणावरून काढून टाकलेले कितीतरी सैनिक सॅन फ्रान्सिस्को बंदरात उतरले आणि तोंड दाखवायला गावी परत गेलेच नाहीत. पुढे घरातून हाकललेली पोरेही तिथेच येऊ लागली. माणसे वाढली तशी वस्ती झाली, आणि वस्ती झाली तशी मते झाली. मते दिसली की पुढाऱ्यांचे पाय वळतात, हा नियम सर्व देशांत सारखाच आहे.

१९६९ साली डायॅन फाइनस्टाइन नावाच्या तरुण उमेदवार बाई या लोकांच्या संघटनेच्या सभेत जाऊन मते मागून आल्या. सभ्य घरच्या बाईने अशा ठिकाणी जावे, ही त्या काळी धाडसाचीच गोष्ट. त्या वर्षी त्या शहराच्या मंडळावर, म्हणजे आपल्या भाषेत नगरसेवक म्हणून, पहिल्या क्रमांकाची मते घेऊन निवडून आल्या. हे नाव लक्षात ठेवावे. शेवटी परत लागणार आहे.

१९७१ साली जिम फॉस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या छत्राखाली समलिंगींचे मंडळ काढले. नाव ठेवले 'ॲलिस बी. टोक्लस क्लब'. ही ॲलिस म्हणजे लेखिका गर्ट्रूड स्टाइन यांची आयुष्यभराची जोडीदार. जाणत्याने जाणावे, इतरांना कळूही नये, असे ते नाव. फॉस्टर स्वतः सोसलेला माणूस होता. १९५९ साली याच कारणावरून सैन्याने त्याला काढून टाकले होते. त्याने शिस्तीत काम केले, सह्या गोळा केल्या, पत्रके वाटली आणि १९७२ मध्ये पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनाच्या व्यासपीठावरून भाषण केले. त्याचे सूत्र असे, की आपला माणूस आज निवडून येणार नाही, म्हणून आपल्याला माणूस समजणाऱ्या मोठ्या पुढाऱ्यांना निवडून द्या. ते आपले काम करतील.

अशा या मंडळाकडे १९७३ साली एक उपटसुंभ पाठिंबा मागायला आला.

हार्वी मिल्क त्याचे नाव. वय त्रेचाळीस, न्यूयॉर्ककडचा, केस पाठीवर बांधलेले. पूर्वी नौदलात होता, नंतर न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातल्या कचेरीत. आता कॅस्ट्रो स्ट्रीटवर जोडीदाराबरोबर कॅमेऱ्याचे छोटे दुकान चालवीत होता. तोही धंदा बेताचाच, कारण गिऱ्हाइकापेक्षा गप्पा मारणारेच जास्त. निवडणुकीला उभे राहायचे कारणही मासलेवाईक आहे. एक शिक्षिका दुकानात आली आणि चित्रे दाखवायचे यंत्र उसने मिळेल का म्हणाली, शाळेतले बंद पडले होते. त्याच सुमाराला सरकारी माणूस विक्रीकराची अनामत मागायला आला. सरकारला दुकानदाराकडून घ्यायला पैसे आहेत आणि शाळेला द्यायला नाहीत, हे पाहून मिल्कचे डोके फिरले. साबणाच्या खोक्यासारखे एक लाकडी खोके त्याने आणले, त्यावर 'साबण' असे रंगवले आणि चौकात त्यावर उभा राहून भाषणे ठोकू लागला.

तो फॉस्टरकडे गेला. फॉस्टरने जे उत्तर दिले ते त्या शहरात आजही सांगितले जाते. त्याचा मतलब असा: नाचायचे असेल तर आधी खुर्च्या मांडाव्या लागतात, आणि तुला खुर्च्या मांडताना आम्ही कधी पाहिलेले नाही. आपल्याकडे हेच वाक्य 'आधी सतरंज्या उचला' असे म्हटले जाते, आणि ते ऐकले नाही असा कार्यकर्ता मला अजून भेटायचा आहे.

आता फॉस्टरला लगेच खलनायक ठरवू नये. मिल्कला शहरात येऊन वर्ष-दीड वर्ष झाले होते. १९६४ साली तर त्याने उजव्या विचारांच्या गोल्डवॉटरचा प्रचार केला होता. अशा माणसाला कोणते मंडळ पाठिंबा देईल? शिवाय 'मित्र' म्हणवणाऱ्या पुढाऱ्यांनी काम केलेही. समलिंगी संबंध गुन्ह्यातून काढणारे विधेयक १९७५ साली राज्याच्या सिनेटमध्ये आले तेव्हा मते समसमान पडली, वीस आणि वीस. बहुमताच्या पक्षाचे नेते जॉर्ज मॉस्कोनी यांनी सभागृहाची दारे लावून घेतली, सदस्यांना बसवून ठेवले आणि राज्याबाहेर गेलेल्या उपराज्यपालांना बोलावून घेतले. त्या उपराज्यपालांच्या, मर्व्हिन डायमली या काळ्या पुढाऱ्याच्या, एका मताने कायदा पास झाला. मित्रांच्या भरवशावर राहणे म्हणजे नुसती लाचारी होती असे म्हणता येत नाही, ते यासाठीच.

पण प्रश्न वेगळा होता. मित्र दारे लावून घेतो तेव्हा त्याचे उपकार होतात, आणि उपकाराची परतफेड करता करता माणूस म्हातारा होतो.

मिल्क १९७३ ला पडला. बत्तीस उमेदवारांत दहावा आला. मंडळाने नाकारले, तर तो कुठे गेला? कामगारांकडे गेला. आणि माझ्या मते या सगळ्या हकिकतीतला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे.

बिअरचे ट्रक चालवणाऱ्या कामगारांची टीमस्टर्स युनियन त्या वेळी बिअर कंपन्यांशी लढत होती. कूर्स कंपनी करार करायला तयार नव्हती. युनियनचे ॲलन बेअर्ड त्याच भागातले, बायको-संसारवाले गृहस्थ. समलिंगींचे बार ही कूर्सची मोठी गिऱ्हाइके आहेत हे त्यांच्या ध्यानात आले. ते मिल्ककडे गेले आणि म्हणाले, बहिष्काराला मदत करा. मिल्कने हात जोडून 'हो साहेब' म्हटले नाही. त्याने अट घातली, की बहिष्कार आम्ही यशस्वी करू, पण ट्रक चालवण्याच्या नोकऱ्या आमच्या माणसांनाही मिळाल्या पाहिजेत. बेअर्डनी शब्द दिला. बारमधून कूर्सची बिअर हद्दपार झाली आणि समलिंगी माणसे ड्रायव्हर म्हणून लागली. समलिंगींना पाहून तोंड फिरवणारे दांडगे ट्रकवाले आणि ट्रकवाल्यांना पाहून रस्ता बदलणारे समलिंगी, दोघे एका फलकाखाली आले. १९७५ च्या निवडणुकीत मिल्कच्या मागे टीमस्टर्स उभे राहिले, इमारत बांधणारे कामगार उभे राहिले, आग विझवणारे बंबवाले उभे राहिले. त्याने केस कापले, कोट चढवला आणि तरीही पडला. जागा सहा, आणि तो आला सातवा!

त्याच वेळी मॉस्कोनी महापौर झाले. त्यांनी मिल्कला शहराच्या परवाना अपील मंडळावर नेमले. मोठा मान होता तो. पण पाचच आठवड्यांत मिल्कने राज्याच्या विधानसभेसाठी उमेदवारी जाहीर केली. ती जागा पक्षाच्या वरच्या मंडळींनी आर्ट ॲग्नोस यांच्यासाठी आधीच राखून ठेवली होती. महापौरांनी त्याला तडकाफडकी काढून टाकले. टोक्लस मंडळाचा पाठिंबा कोणाला? ॲग्नोसना! ॲग्नोस समलिंगी नव्हते, मित्र होते. मिल्क चार हजारांहूनही कमी मतांनी पडला. तीन निवडणुका, तीन पराभव. माणूस घरी बसला असता.

मिल्कने वेगळे मंडळ काढले. नाव ठेवले 'सॅन फ्रान्सिस्को गे डेमोक्रॅटिक क्लब'. आम्ही कोण, हे पाटीवरच लिहिलेले. एका मंडळाने ओळखणाऱ्यालाच ओळखू यावे असे नाव घेतले होते, दुसऱ्याने रस्त्यावरून जाणाऱ्यालाही वाचता यावे असे घेतले. मधे अवघी पाच वर्षे गेली होती.

याच १९७६ साली शहरातल्या मतदारांनी आणखी एक निर्णय घेतला. तोपर्यंत अकरा नगरसेवक साऱ्या शहराच्या मतांनी निवडले जात. आता शहराचे अकरा वॉर्ड झाले. सर्वांच्या मतांवर अवलंबून राहिले की थोड्या लोकांचा खरा माणूस कसा मागे पडतो, हे आपल्या वाचकांना १९३२ सालापासून समजावून सांगायची गरज नाही. १९७७ च्या निवडणुकीचा निकालच पाहा. गॉर्डन लाउ हे निवडून आलेले पहिले चिनी वंशाचे नगरसेवक ठरले, एला हिल हच या पहिल्या काळ्या स्त्री नगरसेविका झाल्या. एकटीने मूल वाढवणाऱ्या कॅरोल रूथ सिल्व्हर निवडून आल्या. आणि पाचव्या वॉर्डातून हार्वी मिल्क.

तेही सुखासुखी नव्हे. त्या वॉर्डात सतरा उमेदवार होते. टोक्लस मंडळाने या वेळी समलिंगी उमेदवारालाच पाठिंबा दिला, पण तो मिल्क नव्हे, वकील रिक स्टोक्स. 'आमचा माणूस नको' असे म्हणायची सोय राहिली नाही, तेव्हा 'आमच्यातला हा नको, तो' असे झाले. मिल्ककडे होते ते कॅमेऱ्याच्या दुकानात पाकिटे चिकटवणारे लोक: पेन्शनीतल्या म्हाताऱ्या बाया, घरातून हाकललेली पोरे, शाळा सुटली की रोज येऊन बसणारी अकरा वर्षांची एक मुलगी. प्रचाराची सूत्रे विशीतल्या ॲन क्रोनेनबर्ग या मोटरसायकलवरून फिरणाऱ्या तरुणीच्या हातात. सतरंज्या कोणी उचलल्या म्हणायच्या?

मिल्कला सुमारे तीस टक्के मते मिळाली. बाकीचे सोळा मागे राहिले. जानेवारी १९७८ मध्ये तो कॅस्ट्रोपासून नगरभवनापर्यंत जोडीदाराच्या खांद्यावर हात टाकून पायी गेला. पद मिळाल्यावर नोकरी व घरभाड्यात समलिंगींशी भेदभाव करू नये असा कायदा त्याने मांडला, आणि तो दहा विरुद्ध एक मताने पास झाला. त्याबरोबर रस्त्यावर कुत्र्याने केलेली घाण मालकाने उचलावी हाही कायदा त्याने आणला. सगळ्या शहराने त्याचे आभार मानले ते बहुधा या दुसऱ्यासाठी.

त्याच वर्षी साऱ्या राज्यात एक ठराव मतदानाला आला: समलिंगी शिक्षकांना शाळांतून काढून टाकावे. मिल्क गावोगाव फिरला. तो आपल्या लोकांना एकच गोष्ट परोपरीने सांगे, की घरी सांगा. आईला सांगा, भावाला सांगा, शेजारणीला सांगा, जिच्याकडे रोज भाजी घेता तिला सांगा. जिला ओळखतो त्या माणसाविरुद्ध मत देणे अवघड असते. ज्यांना घरी सांगितल्यावर काय होते हे ठाऊक होते, त्यांच्याकडून ही मागणी होती. किती आयांनी त्या महिन्यांत मुलाचे पत्र हातात धरून रात्र काढली असेल! ७ नोव्हेंबर १९७८ रोजी तो ठराव दहा लाखांहून अधिक मतांनी पडला.

वीस दिवसांनी, २७ नोव्हेंबरला, डॅन व्हाइटने नगरभवनात महापौर मॉस्कोनी आणि हार्वी मिल्क या दोघांचा गोळ्या घालून खून केला. भेदभावविरोधी कायद्याच्या विरुद्ध पडलेले ते एक मत याच व्हाइटचे. नगरसेवकपदाचा राजीनामा देऊन तो परत मागणारा माणूस तो. त्या रात्री हजारो लोक मेणबत्त्या घेऊन कॅस्ट्रोपासून नगरभवनापर्यंत चालत गेले. ज्यूरीने व्हाइटला खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा दोषी धरले आणि शिक्षा झाली सात वर्षे आठ महिने. निकालाच्या रात्री शहर पेटले, यात नवल नाही.

मिल्कला आपला असा शेवट होईल याची कल्पना होती. एक वर्ष आधीच त्याने टेपवर बोलून ठेवले होते, की मला मारले तर माझ्या जागी कोण चालेल आणि कोण चालणार नाही. न चालणाऱ्यांत फॉस्टर आणि स्टोक्स यांची नावे होती. मेल्यावरही मिटला नाही असा तो पाठिंब्याचा वाद.

आता ते नाव. मॉस्कोनींच्या जागी महापौर झाल्या त्या डायॅन फाइनस्टाइन. मिल्कच्या जागेवर त्यांनी नेमले ते मिल्कच्याच मंडळातले हॅरी ब्रिट. १९७९ मध्ये फाइनस्टाइन बाई महापौरपदासाठी उभ्या राहिल्या. डेव्हिड स्कॉट या समलिंगी उमेदवाराने सुमारे दहा टक्के मते घेतली आणि कोणालाच बहुमत मिळाले नाही. डिसेंबरमध्ये दुसरी फेरी ठरली. दहा वर्षांपूर्वी सभेत येऊन मते मागणाऱ्या बाईंना पुन्हा पाठिंबा मागायला यावे लागले.

या वेळी चहा-हारावर भागले नाही. समलिंगींविषयी एका मासिकात केलेल्या विधानाबद्दल त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली आणि शहराच्या पोलीस आयोगावर समलिंगी माणूस नेमण्याचे आश्वासन द्यावे लागले. मग स्कॉटने पाठिंबा जाहीर केला. फाइनस्टाइन निवडून आल्या. आणि ज्या पोलिसांनी या लोकांचे बार वर्षानुवर्षे धाडी घालून रिकामे केले होते, त्या पोलिसांवर देखरेख करणाऱ्या आयोगावर १९८० साली जो डेली या समलिंगी बाई बसल्या.

त्या जुन्या टोक्लस मंडळातल्या. मिल्कच्या टेपवर नको असलेल्यांत त्यांचेही नाव होते.

दोन्ही मंडळे आजही आहेत. दुसऱ्याला आता हार्वी मिल्कचेच नाव दिलेले आहे. निवडणूक आली की सॅन फ्रान्सिस्कोतले उमेदवार दोन्हीकडे जातात, प्रश्नांची लांबलचक यादी लेखी उत्तरांनी भरून देतात आणि सभासदांचे मतदान होईपर्यंत थांबतात.