पोवळं आणजो!

"समुद्रात चाल्ली त मंगळाचं पोवळं आणजो माह्यासाठी."

मी मालवणला स्कूबा शिकायला निघाले हे कळताच जुन्या शहरातल्या आमच्या गल्लीतून आलेली ही पहिली फर्माईश, शेजारच्या आजींची. पाठोपाठ त्यांच्या नातवाचा प्रश्न: "ताई, टाकीत ऑक्सिजन रायते ना?" श्रावणात गांधीग्रामहून पूर्णा नदीचं पाणी कावडीनं राजेश्वराच्या देवळात आणणारं आमचं गाव. पाण्याशी नातं खांद्यावरचं, तळाशी जाऊन बसण्याचं नव्हे. गैरसमज असणारच. माझेही होते.

नातवाचं आधी. टाकीत ऑक्सिजन नसतो. अंगणात असते तीच हवा गाळून, साधारण दोनशे पट दाबून भरलेली असते. तिच्यात ऑक्सिजन 21 टक्के. शुद्ध ऑक्सिजन घेऊन सहा मीटरच्या खाली गेलात तर तोच विषासारखा वागतो, झटके येऊ शकतात. खरा धोका वेगळाच आहे आणि विहिरीत सूर मारून वाढलेल्या आम्हा वऱ्हाडी लोकांना तो जास्त, कारण पाण्यात शिरलं की श्वास रोखायचा ही सवय हाडीमाशी भिनलेली. दहा मीटर खोलीवर अंगावरचा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. तिथं छातीभर घेतलेली हवा रोखून वर आलात तर ती वर येईपर्यंत दुप्पट फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. म्हणून पहिला नियम: श्वास कधीच रोखायचा नाही. हे एक वाक्य अंगवळणी पडायला मला दोन दिवस लागले.

"पोहता येत नसलं तरी चालते" हे अर्धसत्य. मालवणात मार्गदर्शकाचा हात धरून पंधरा-वीस मिनिटं मासे पाहून यायचे असतील तर चालतं. पण ते शिकणं नव्हे. पॅडीसारख्या डायव्हिंग संस्थेचं ओपन वॉटर प्रमाणपत्र हवं तर 200 मीटर पोहायचं, दहा मिनिटं तरंगायचं आणि समुद्रात चार बुड्या मारायच्या. मग 18 मीटरपर्यंत जाता येतं. वय किमान दहा. दमा, हृदयविकार असेल तर आधी डॉक्टर. शार्कचं विचाराल तर एकही दिसला नाही, वाईट वाटलं.

आता आजींचं पोवळं.

सराफ्यात मंगळासाठी विकतात ते लाल पोवळं प्रामुख्यानं भूमध्य समुद्रातलं. ते इतकं सावकाश वाढतं की त्याची जाडी वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाही. आपल्या किनाऱ्यावरचं प्रवाळ त्या जातीचं नाही, पण दोन्हींत एक गोष्ट सारखी: दगड वाटतात, झाडासारखी फुटतात आणि असतात प्राणी. जवळून पाहिलं तर आपल्याकडच्या प्रवाळाच्या पृष्ठभागावर बारीक खळगे दिसतात. प्रत्येक खळग्यात एक मऊ जीव, तोंडाभोवती इवल्या सोंडांचं कडं. तो खाली चुन्याचं घर बांधत जातो. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, उन्हावर अन्न करतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं. रंगही बहुतांशी त्याचाच.

पाणी फार दिवस नेहमीपेक्षा तापलं की हे भाडेकरू बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरं पडतं. पांढरं म्हणजे मेलेलं, हा पुढचा गैरसमज. ते जिवंत असतं, फक्त उपाशी. काही आठवड्यांत पाणी निवलं तर सावरतं, नाहीतर मरतं. अशी चौथी जागतिक लाट 2024 च्या एप्रिलमध्ये जाहीर झाली.

महाराष्ट्रात प्रवाळ नाहीच, असं शिकलेली माणसंही सांगतात. पण आहे. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 चं आहे, 29.12 चौरस किलोमीटरचं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं. किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत कान्होजी आंग्र्यांच्या नावाची आंग्रिया बँक आहे, पाण्याखालचं पठारच. दगड बनवणारी प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. आजींची फर्माईश मी मालवणातून पुरी केली असती तर गुन्हा ठरला असता.

सगळ्यात हट्टी समज माझा स्वतःचा होता: बुडी मारली की संवर्धनाला हातभार लागला. उलट नवखा डायव्हर प्रवाळात बैलासारखा वावरतो. पायातल्या फिनचा एक फटका, आणि कित्येक वर्षांची फांदी मोडते. उडालेली वाळू प्रवाळावर बसते ती वेगळीच. एका होडीवर तर फोटोत मासे यावेत म्हणून पाण्यात पाव कुस्करत होते. आम्ही सगळे खूश, मीसुद्धा. हे चुकीचं आहे, ते तेव्हा कळत नव्हतं. आधी शिकायचं ते अधांतरी स्थिर राहणं: श्वास घेतला की बोटभर वर, सोडला की बोटभर खाली, हात छातीशी.

ते जमलं की मग काम, आणि ते हिशेबनिसाचं आहे. रीफ चेक नावाची जागतिक पद्धत 1990 च्या दशकापासून चालत आलेली. तळावर मोजपट्टी अंथरायची, वीस-वीस मीटरचे चार तुकडे, मध्ये पाच-पाच मीटर मोकळे. दर अर्ध्या मीटरला पट्टीखाली काय आहे ते पाटीवर पेन्सिलीनं लिहायचं: कठीण प्रवाळ, मऊ प्रवाळ, खडक, वाळू, चुरा, नुकतंच मेलेलं. एकूण 160 नोंदी. एक पट्टी काही सांगत नाही. त्याच जागी वर्षानुवर्षं केलेल्या नोंदी बोलतात. माझ्या सरावाच्या पाटीवर सलग अकरा वेळा 'वाळू' होतं, बाराव्या ठिकाणी मी 'खडक' लिहिलं आणि प्रशिक्षकानं बोटानं खूण करून जवळ बोलावलं. खडकाला तोंडं होती.

परत आल्यावर आजींना ती गोष्ट सांगितली. त्यांनी अनामिकेतलं पोवळं डोळ्याजवळ नेलं. "म्हंजे हे जिवंत व्हतं?" चातुर्मासात कांदासुद्धा न खाणारी बाई. अंगठी काढली नाही, मंगळ आहे शेवटी. पण आता जेवायला बसताना ती डाव्या हातात घालतात.