वॅटांचा जमाखर्च

विद्युत्‌शक्तीचे गणित शिकवताना पाठ्यपुस्तके तीन सूत्रे लागोपाठ मांडून मोकळी होतात : दाब गुणिले प्रवाह, प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, आणि दाबाचा वर्ग भागिले रोध. पहिल्याविषयी कोणाची तक्रार नसते. 230 व्होल्टांच्या दाबाखाली 8.7 अँपियर प्रवाह घेणारा गिझर 2000 वॅटचा, हा हिशेब शाळकरी पोरही करील. परंतु उरलेली दोन सूत्रे शेजारी ठेवताच चिकित्सक विद्यार्थी अडखळतो, आणि त्याने अडखळावे हेच योग्य. कारण एक म्हणते की रोधाबरोबर शक्ती वाढते, तर दुसरे तितक्याच छातीठोकपणे सांगते की ती घटते.

या वादाचा निवाडा जोडणी पाहून करावा लागतो. घरातील दिवे, पंखे, इस्त्री ही सर्व समांतर जोडलेली असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याचा दाब ठरलेला असतो. तेथे दाबाचे सूत्र चालवावे, आणि त्यानुसार 100 वॅटच्या जुन्या तंतूच्या दिव्याचा रोध 529 ओहम, तर 40 वॅटच्या दिव्याचा त्याच्या अडीचपट निघतो. आता हेच दोन दिवे एकसर, म्हणजे एकामागून एक, जोडून पाहावेत. प्रवाह दोहोंतून एकच, सुमारे 0.124 अँपियर, त्यामुळे ज्याचा रोध अधिक त्याचीच चलती होऊन 40 वॅटचा दिवा 20 वॅटांनी उजळतो, आणि 100 वॅटांचा मानकरी 8 वॅटांवर मिणमिणत बसतो. (कमी तापलेल्या तंतूचा रोध उतरत असल्याने प्रत्यक्षात ही तफावत आणखी वाढते, निकाल तोच राहतो.)

प्रवाहाच्या वर्गाचा हा नियम इंग्लंडातील जेम्स जूल याने 1841 साली प्रसिद्ध केला. तारेचे वेटोळे पाण्यात बुडवून, त्यातून प्रवाह सोडून तो तापमापकावर पाण्याचे तापमान किती चढते ते टिपत असे; एवढ्या साध्या सामग्रीवर उभ्या राहिलेल्या या नियमाचा अंमल पुढे अवघ्या वीजवहनावर बसला. 1915 पासून खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना पुरवली जाऊ लागली ती उच्च दाबाने, कारण दाब दुप्पट केला की तेवढ्याच शक्तीसाठी निम्मा प्रवाह पुरतो आणि तारांतील नासाडी चतुर्थांशावर येते.

घरातही हा वर्ग गुपचूप आपला वसूल घेत असतो. गिझरच्या प्लगची पिन सॉकेटात सैल बसली आणि त्या सांध्यात अवघा अर्धा ओहम रोध निर्माण झाला, असे समजा. हा रोध गिझरशी एकसर जोडला गेल्याने 8.5 अँपियरचा सगळा प्रवाह त्यातून जाणार. वर्ग सुमारे 73, त्याचे निम्मे 36 वॅट. डाख देण्याची 25 वॅटची लहान सोल्डरिंग आयर्नसुद्धा शिसे-कथलाची तार सहज वितळवते, मग त्याहून दीडपट उष्णता पिनेच्या टोकाशी कोंडली गेल्यावर प्लगचे प्लास्टिक काळवंडले तर नवल कसले? गंमत अशी की गिझर स्वतः या वेळी किंचित कमीच वीज घेत असतो, त्यामुळे मीटर पाहून या कसुरीचा सुगावा लागत नाही आणि फ्यूजही जाऊ शकत नाही.

तेव्हा गिझर वा इस्त्री पाऊण तास चालल्यानंतर बटण बंद करून प्लगला हात लावून पाहावा. तो चांगला गरम लागला, तर वायरमनला बोलावून सॉकेट त्याच दिवशी बदलून घ्यावे.