पाकिटाची पाठ (लेखांक ५) : पंधरा मिनिटांत रंगणारी मेंदी

रमजान ईद जवळ आली की चारमिनारशेजारच्या लाड बाजारात बांगड्यांच्या दुकानांबाहेर मेंदीच्या कोनांचे ढीग लागतात. कोनावर हिरव्या पानाचे चित्र, ‘नॅचरल’, ‘हर्बल’, कधी ‘ऑरगॅनिक’ असे शब्द, आणि शेजारीच हमी : पंधरा मिनिटांत गडद रंग. यातली एकच गोष्ट खरी असू शकते.

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते. पाला भिजवला की ते सावकाश सुटते आणि त्वचेच्या वरच्या थरातल्या केराटिन प्रथिनाला धरून बसते. त्याला काही तास द्यावेच लागतात. मेंदी खरवडून काढली की हात आधी नारिंगी दिसतो. तांबूस-तपकिरी रंग चढायला एक-दोन दिवस जातात. म्हणून तर मेंदी लग्नाच्या आधीच काढून ठेवतात. रंग झटपट आला, तर तो पानाचा नव्हे. तेलंगणाच्या औषध नियंत्रण प्रशासनाने हैदराबादेत विनापरवाना कोन बनवणाऱ्यांवर छापे घातले, तेव्हा तपासणीत पिक्रॅमिक आम्ल हा कृत्रिम रंग सापडला होता. ‘काळी मेंदी’ त्याहून घातक. तिच्यात बहुधा पीपीडी, म्हणजे पॅराफिनिलिनडायअमिन हे केस काळे करण्याचे द्रव्य असते. ते ज्यांना सोसत नाही त्यांच्या हातावर नक्षीबरहुकूम फोड उठतात, आणि एकदा जडलेली ही ॲलर्जी सहसा जन्मभर जात नाही. लहान मुलींच्या हातांवर असे कोन चालवणे मला अक्षम्य वाटते.

मग ‘नॅचरल’ लिहू कसे देतात? खाण्याच्या वस्तूवर ‘ऑरगॅनिक’ लिहायचे तर २०१७ च्या नियमांनुसार प्रमाणपत्र लागते, ‘जैविक भारत’ हे चिन्हही आहे. सौंदर्यप्रसाधनांच्या २०२० च्या नियमावलीत मात्र या शब्दांची व्याख्याच नाही. दिशाभूल करणारा दावा करू नये, एवढी सर्वसाधारण मनाई आहे. पर्यावरणविषयक दाव्यांबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. असे शब्द नुसते, खुलाशाशिवाय वापरू नयेत, असे त्यांत म्हटले आहे. ‘कॉसमॉस’सारखी युरोपातली प्रमाणपत्रे ऐच्छिक. त्यांतही ‘ऑरगॅनिक’ म्हणवून घ्यायला एकूण मालात साधारण २० टक्के सेंद्रिय घटक पुरतात, धुऊन टाकायच्या शाम्पूला १० टक्के, कारण पाणी आणि खनिजे सेंद्रिय ठरवताच येत नाहीत. हिरवा ठिपका शाकाहारी असल्याचा. त्याचा सेंद्रियाशी संबंध नाही.

आणि नैसर्गिक ते निर्धोक, हेही खरे नाही. पारंपरिक सुरमा गॅलिना या खनिजाचा, म्हणजे शिशाच्या सल्फाइडचा. थेट जमिनीतून निघालेला, आणि तरी मुलांच्या मेंदूला घातक. बिब्बाही झाडाचाच, तो उतला की अंगाचे काय होते ते आपल्या घरांत नव्याने सांगायला नको.

म्हणून पाकिटाची पाठ वाचायची. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक आहे. त्याखालचे कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. जेलच्या दर्शनी बाजूला कोरफडीचे मोठे चित्र आणि यादीत कोरफड सुगंधाच्याही मागे, असे दिसले तर ती नावापुरतीच घातलेली समजा. पण नियमात एक मोठी फट आहे : ६० मिलिलिटरपेक्षा लहान बाटलीला आणि ३० ग्रॅमपेक्षा लहान पाकिटाला घटकांची यादी माफ आहे. मेंदीचे कितीतरी कोन नेमके याच मापात बसतात. ही सूट निदान रंगाच्या मालाला तरी असू नये.

अशा कोनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक आणि मुदत पाहा. नुसते नाव आणि मोबाइल क्रमांक असेल, तर कोन परत ठेवा. केसांच्या ‘हर्बल’ काळ्या पुडीवर भुवया-पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकते, असा बारीक अक्षरातला इशारा शोधा. पीपीडीसारखे रंग असलेल्या मालावर तो कायद्यानेच छापावा लागतो. तो दिसला की आत नुसता पाला नाही हे नक्की. सुटी मेंदी आणून, रात्री भिजवून कोन घरीच भरता येतो. रंगासाठी मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे लागेल.

(पुढील आठवड्यात : ‘पॅराबेन-फ्री’ म्हणजे नेमके काय वगळले?)