‘सीन’ झालं, रिप्लाय नाही

नेरूळहून उरणची लोकल पकडा. शेवटच्या स्टेशनला उतरा आणि रिक्षाने करंजाकडे निघा. या एका तालुक्यात किती सरकारी यंत्रणा आहेत ते मोजत जा. नौदल. ओएनजीसी, आणि तिच्या गेटवर सीआयएसएफ. जेएनपीए बंदर म्हटलं की कस्टम्स आलं, डीआरआय आलं. जमिनीवर नवी मुंबई पोलीस, पाण्यात तटरक्षक दल. प्रत्येकाचा साहेब वेगळा, फाइल वेगळी आणि गुपितही वेगळं.

२२ सप्टेंबर २०१६ ला तुम्ही उरणमध्ये शाळेत असाल तर तो दिवस विसरला नसाल. उरीच्या हल्ल्याला जेमतेम चार दिवस झाले होते. दोन विद्यार्थ्यांनी शाळेत सांगितलं की काळ्या कपड्यांतली, हत्यारं घेतलेली माणसं दिसली. शाळेकडून ते पोलिसांकडे गेलं आणि बघता बघता नौदलाने किनाऱ्यावर हाय अलर्ट दिला. एनएसजी, एटीएस, तटरक्षक दल सगळे कामाला लागले. संशयिताचं रेखाचित्रही काढलं गेलं. शोधाशोध झाली, पण कुणी सापडलं नाही. नंतर त्यावर भरपूर जोक झाले.

मला मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. शाळकरी मुलांचं एक वाक्य एका दिवसात देशातल्या एवढ्या यंत्रणांपर्यंत पोहोचलं. त्याच्या आठ वर्षं आधी याहून कितीतरी पक्की माहिती प्रशिक्षित अधिकाऱ्यांच्या हातात होती, तरी ती एकत्र आली नाही. तो हल्ला म्हणजे २६/११. दहा हल्लेखोर, १६६ मृत्यू.

२०१४ च्या डिसेंबरमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’, ‘प्रोपब्लिका’ आणि ‘फ्रंटलाइन’ यांनी मिळून एक शोधबातमी केली. हल्ल्याच्या तयारीत असलेल्या झरार शाहच्या कॉम्प्युटर हालचालींवर ब्रिटिश यंत्रणा नजर ठेवून होती. भारतीय यंत्रणेचीही त्याच्यावर नजर होती. अमेरिकेकडे आणखी वेगळे इशारे होते. म्हणजे तीन देशांकडे तीन तुकडे. तेव्हा परराष्ट्र सचिव असलेले शिवशंकर मेनन यांनी त्या बातमीत सांगितलं की पूर्ण चित्र कुणीच जोडलं नाही.

हे कसं होतं, ते समजायला कॉलेज फेस्ट पुरे. स्पॉन्सरशिपच्या ग्रुपवर आलेलं असतं की स्टेजचा टेम्पो पाच वाजता येणार. लॉजिस्टिक्सच्या ग्रुपला माहीत असतं की वॉचमन चारलाच गेट बंद करतो. दोन्ही मेसेज खरे, दोन्हींना ब्लू टिक. टेम्पो मात्र गेटबाहेर उभा. कुणी काही लपवलेलं नसतं, फक्त एकाने दुसऱ्याला विचारलेलं नसतं.

गुप्तचर म्हटलं की आपल्याला पिक्चरमधला गच्चीवरून उड्या मारणारा हीरो आठवतो. पण या कामाचा मोठा भाग टेबलावर होतो. कुणीतरी पकडलेला फोन, कुणाच्या तरी खबऱ्याची चिठ्ठी, एखाद्या बोटीची नोंद हे सगळं समोर ठेवून ‘यातून काय होऊ शकतं?’ असं लिहून देणारा माणूस म्हणजे ॲनालिस्ट. शेजारच्या यंत्रणेतल्या ॲनालिस्टकडे कोणता तुकडा आहे हे त्याला कळायलाच हवं, आणि नेमकं तेच कळू न देण्यावर ही सगळी व्यवस्था उभी असते. गरज असेल त्यालाच सांगायचं, हा जुना नियम. पण गरज कुणाला आहे हे आधी ठरवणार कोण?

२६/११ नंतर महाराष्ट्र सरकारने माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान आणि ‘रॉ’चे माजी अधिकारी व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. हल्ला समुद्रातून होऊ शकतो, मोठी हॉटेलं लक्ष्य होऊ शकतात, अशा सूचना आधीच येऊन गेल्या होत्या. त्या फॉरवर्ड झाल्या होत्या, पण पुढे काय झालं, हे उलट विचारणारं कुणी नव्हतं. ही समिती राज्याची होती. केंद्राच्या गुप्तचर यंत्रणांची चौकशी तिच्या कक्षेत नव्हती. संवाद कुठे तुटला हे शोधायचं आणि वायरचं एकच टोक हातात, अशी ती अवस्था!

व्यवस्था नव्हतीच असंही नाही. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम समिती बसली, पुढे २००१ मध्ये आयबीत ‘मल्टी एजन्सी सेंटर’ म्हणजे ‘मॅक’ सुरू झालं. सगळ्या यंत्रणांनी माहिती एका टेबलावर आणायची, ही कल्पना. पण आणलीच पाहिजे अशी सक्ती ३१ डिसेंबर २००८ च्या आदेशाने आली, २६/११ नंतर. मॅकने सगळ्यांना द्यायचं आणि सगळ्यांनी मॅकला द्यायचं. राज्यांत उपकेंद्रं झाली. १६ मे २०२५ ला दिल्लीत नव्या मॅकचं उद्घाटन झालं. दुर्गम भागातल्या जिल्हा पोलीस अधीक्षकांपर्यंत त्याचं सुरक्षित नेटवर्क जाईल, असं सरकारने सांगितलं.

अमेरिकेचा अनुभव यात वाचण्यासारखा आहे. ९/११ च्या विमानांतल्या दोघांची नावं सीआयएकडे जानेवारी २००० पासून होती. एफबीआयला त्यांचा शोध घ्यायला लागायला ऑगस्ट २००१ उजाडला. त्यानंतर तिथे एक मजेशीर गोष्ट घडली. २००६ मध्ये ॲनालिस्ट मंडळींसाठी ‘इंटेलिपीडिया’ अधिकृतपणे सुरू झाला. विकिपीडियासारखाच, पण आतल्या लोकांपुरता, आणि निनावी लिहायला बंदी. प्रत्येक बदलापुढे बदल करणाऱ्याचं नाव. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो, कारण नाव दिसलं की फोन करून विचारता येतं, ‘हे तुला कुठून कळलं?’ दोन वर्षांनी ‘ए-स्पेस’ आलं, वेगवेगळ्या यंत्रणांतल्या ॲनालिस्टना एकमेकांशी बोलता यावं म्हणून.

मग सगळं सगळ्यांना खुलं करावं? तसंही नाही. २०१० मध्ये मॅनिंग या एका कनिष्ठ सैनिकाने अडीच लाखांच्या आसपास राजनैतिक तारा विकिलीक्सपर्यंत पोहोचवल्या, त्याही अशाच वाटून घेतलेल्या नेटवर्कवरून. खबऱ्याचं नाव चुकीच्या स्क्रीनवर गेलं तर त्याचा जीव जातो. आणि आपला डेटा? तिकिटं, बँक, प्रवास अशा नोंदी यंत्रणांना एका ठिकाणाहून तपासता याव्यात म्हणून आपल्याकडे ‘नॅटग्रिड’ आहे. मॅक अतिरेक्यांबद्दल बोलतं, नॅटग्रिडमध्ये मात्र तुम्ही-आम्ही सगळेच आहोत. कोणी काय पाहिलं याची नोंद कोण तपासणार, हा प्रश्न आपल्या पिढीने विचारायलाच हवा.

हे सगळं वाचून कुणाला या टेबलावर बसावंसं वाटलं, तर आयबीच्या एसीआयओ परीक्षेची जाहिरात गृह मंत्रालय काढतं आणि कोणत्याही शाखेचा पदवीधर ती देऊ शकतो. चार तुकडे जुळवणं क्लासमध्ये शिकता येईल कदाचित. अनोळखी खात्यातल्या माणसाला ‘साहेब, एक शंका होती’ म्हणून फोन लावणं मात्र अवघड, विशेषतः समोरचा दोन रँक वरचा असेल तर.

आणि पहिला तुकडा बहुतेक वेळा टेबलावरच्या माणसाकडे नसतोच. त्या रात्री कुलाब्याच्या मच्छीमार नगरात बोटीतून उतरलेली पोरं आधी दिसली ती तिथल्या कोळी वस्तीतल्या लोकांना. ‘कोण तुम्ही?’ असं त्यांना विचारलंही गेलं होतं. आज करंजाच्या नाखव्याला समुद्रात संशयास्पद बोट दिसली, तर फोन करायला दोन नंबर आहेत: १०९३ सागरी पोलिसांचा आणि १५५४ तटरक्षक दलाचा.