बाटली भरण्यापूर्वी आकडा तपासा

प्रभादेवी, दादर, माहीम हा पट्टा एकेकाळी माडा-ताडांच्या वाड्यांचा. भंडारी मंडळी झाडावर चढून मडकी उतरवत. पहाटे गोड असलेल्या नीरेची दिवस वर येईपर्यंत माडी होई. साखर कितपत उरली हे जिभेला आणि फेसावरून कळे, आकडा कोणी लिहून ठेवत नसे. आज याच भागातली मुले नोकरीसाठी मँचेस्टरला नाहीतर मेलबर्नला जातात आणि हौस म्हणून बीअर बनवण्याचे किट घरी आणतात. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्यापुरती बीअर बनवायला परवाना लागत नाही. (मुंबईत मात्र हा उद्योग करू नये. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली विनापरवाना मद्य बनवणे गुन्हा आहे.) किटबरोबर काचेची एक तरंगती नळी वापरायची असते, हायड्रोमीटर. गोंधळ सुरू होतो तो तिच्यापासून.

ही नळी तशी आपल्या ओळखीची आहे. दूध तपासायचा लॅक्टोमीटर हा तिचाच भाऊ, आणि रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत लघवीचे विशिष्ट गुरुत्व मोजायला तिचीच छोटी आवृत्ती वर्षानुवर्षे वापरली गेली. द्रव जड असेल तर नळी वर उचलली जाते, हलका असेल तर खाली बुडते. साध्या पाण्यात ती १.००० दाखवते. साखर विरघळलेल्या मिश्रणात सुरुवातीला १.०४० च्या आसपास आणि यीस्टने साखर खाल्ल्यावर १.०१० च्या आसपास. या दोन आकड्यांच्या फरकाला १३१ ने गुणले की मद्याचे प्रमाण मिळते. इथे ते सुमारे चार टक्के.

पहिली तक्रार बहुधा अशी असते: 'सुरुवातीचा आकडा १.०४० हवा होता, १.०२५ च आला.' घाबरून पठ्ठ्या आणखी अर्धा किलो साखर ओततो. खरे तर किटमध्ये आकडा इतका चुकायला जागाच नसते. १.७ किलो माल्टचा घट्ट पाक आणि एक किलो साखर २३ लिटर पाण्यात गेली, तर गणिताने १.०३९ च येणार. नळी कमी दाखवते कारण जड पाक पिंपाच्या तळाशी बसलेला असतो आणि नमुना वरच्या पाण्याचा घेतलेला असतो. तोटीतून तळचा नमुना घेतला तर उलट १.०५५ दिसेल. नीट ढवळून पुन्हा मोजावे. साखर वाढवली तर बीअर बेतापेक्षा कडक होते आणि दोन ग्लास म्हणजे किती घेतली हा अंदाज चुकतो.

दुसरे कारण तापमान. बहुतेक नळ्या २० अंश सेल्सिअसला जुळवलेल्या असतात. मिश्रण ३० अंशांना मोजले तर आकडा दोन-अडीच हजारांशांनी कमी येतो, ४० अंशांना पाच-सहा हजारांशांनी. लघवी तपासताना दर तीन अंशांमागे ०.००१ मिळवण्याचा नियम तंत्रज्ञांना तोंडपाठ असे, तो यासाठीच. नळीचीही परीक्षा घ्यावी. २० अंशांच्या शुद्ध पाण्यात ती १.००० दाखवत नसेल, तर आतली कागदी पट्टी सरकली आहे.

शेवटचा आकडा अधिक महत्त्वाचा, आणि तोच जास्त फसवतो. आंबणाऱ्या बीअरमधले बुडबुडे नळीला चिकटून तिला वर उचलतात. नमुना दोन पेल्यांत चार-सहा वेळा वरखाली करून फेस जाऊ द्यावा, नळीला गिरकी द्यावी आणि डोळा पातळीला आणून वाचावे. काही जण थेंबावर चालणारा रिफ्रॅक्टोमीटर वापरतात. मद्य तयार झाल्यावर तो सरळ आकडा देत नाही, १.०१० वर आलेली बीअर त्याला १.०२० ची वाटते. म्हणजे अडकलेली बीअर अनेकदा अडकलेलीच नसते. खरोखर अडकली असेल तर थंडीने यीस्ट झोपलेले असते. पिंप १८-२० अंशांच्या खोलीत आणून हळूच हलवावे आणि थांबावे.

थांबणे कुणालाच आवडत नाही. पण बाटलीत भरल्यावर गुरुत्व ०.००१ ने घसरले, तर एका लिटरमागे साधारण अर्धा लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. १.०१५ वर घाई केली आणि बीअर पुढे १.०१० वर गेली, तर फेसासाठी मुद्दाम घातलेल्या साखरेच्या वायूवर आणखी अडीच लिटर. दाब दुपटीवर जातो. काचेची बाटली फुटली की तुकडे डोळ्यापर्यंत येतात. म्हणून दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा तोच आकडा यायला हवा, आणि तो अपेक्षेच्या जवळही हवा. तसा तो येत नसेल तर बाटल्या भरू नयेत. अपघात झालाच, तर डोळा चोळू नये, दाबू नये, तुकडा ओढू नये. वर कागदी कपासारखे काही धरून थेट नेत्ररुग्णालय गाठावे.

या नळीची एक मर्यादा ध्यानात ठेवायला हवी: तिला घनता कळते, पदार्थ कळत नाही. दुधातली साय काढली की ते जड होते, पाणी घातले की हलके. दोन्ही केले तर लॅक्टोमीटर खूश. मद्याचेही तसेच. इथेनॉलची घनता ०.७८९, विषारी मिथेनॉलची ०.७९२. नळीला हा फरक ओळखता येत नाही. घरी आंबवलेल्या बीअरमध्ये मिथेनॉल नगण्य असते. जून २०१५ मध्ये मालाड-मालवणीत शंभराहून अधिक माणसे गेली ती मिथेनॉल असलेल्या दारूने. ते विष शरीरात फॉर्मिक आम्ल होऊन डोळ्याच्या नसेवर घाला घालते, आणि लक्षणे बारा ते चोवीस तास उशिरा दिसू शकतात. संशयास्पद दारू प्यायल्यानंतर दुसऱ्या दिवशी नजर धूसर झाली, उलट्या सुरू झाल्या, श्वास जोरात चालू लागला, तर ते 'उतरत आहे' असे समजून झोपू नये. उतारा आणि डायलिसिस रुग्णालयात मिळते, आणि तिथे गेलेला एकेक तास नजरेच्या हिशेबात धरला जातो.