सोरट, सरकार आणि कायदा

सोरटीचा मूळ व्यवहार सोपा आहे. पुष्कळांनी थोडेथोडे द्यावयाचे, त्यातील काही भाग सोडतीत ज्यांचे क्रमांक निघतील त्यांना मिळावयाचा व उरलेला आयोजकाकडे राहावयाचा. समजा, प्रत्येकी एक रुपयाची एक लाख तिकिटे खपली आणि ५०,००० रुपयांची बक्षिसे वाटली गेली. तर सर्व तिकिटे एकट्याने घेणारा मनुष्यही ५०,००० रुपयांनी खात्रीने बुडेल. मोबदला, केवळ दैव व बक्षीस ही तीन अंगे एकत्र आली की सोरट सिद्ध होते. आयोजक सरकार असले म्हणून तिचे स्वरूप पालटत नाही. पालटते ती तिची वैधता.

हा भेद १८७० मध्येच कायद्यात आला. त्या वर्षी भारतीय दंडसंहितेत घातलेल्या कलम २९४-अ अन्वये सरकारमान्यता नसलेल्या सोरटीची कचेरी चालविणे हा गुन्हा ठरला. तिकीट घेणाऱ्याविषयी मात्र ते कलम मौन पाळते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद कलम २९७ म्हणून आली आहे.

१९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यात शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांविषयी निर्णय देताना, जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापारच नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. प्रकरण मुंबई राज्याच्या कायद्याचे होते. सरन्यायाधीश दास यांनी ऋग्वेदापासूनचे दाखले दिले आणि द्यूतापासून राज्याला उत्पन्न मिळण्यास कौटिल्याची ना नव्हती, हेही प्रांजळपणे नोंदविले. पुढील इतिहास कौटिल्याच्या वाटेने गेला, असे म्हणावयास हरकत नाही: केरळने १९६७ मध्ये व महाराष्ट्राने १९६९ मध्ये आपापली सोरट काढली.

येथून खरा पेच सुरू होतो. घटनेच्या सातव्या अनुसूचीत पैज व जुगार हे विषय राज्यसूचीत आहेत. परंतु सरकारी सोरटी संघसूचीतील ४० व्या नोंदीखाली येतात. त्यामुळे खाजगी जुगार बंद करू शकणाऱ्या राज्याला परराज्याचे तिकीट अडविता येईना. महाराष्ट्राने घातलेली तशी बंदी अनराज खटल्यात १९८४ मध्ये टिकली नाही. अखेर संसदेने १९९८ मध्ये सोरट-नियमनाचा कायदा करून हा अधिकार राज्यांना दिला. त्याच कायद्याने एका अंकावर बक्षीस लावण्यास मनाई केली आणि सोडत राज्याने स्वतःच काढावी, असे बंधन घातले.

तथापि बंदीचा अधिकार निरंकुश ठेवला असता, तर स्वतःचे दुकान चालवून शेजाऱ्याचे बंद पाडण्याची सोय झाली असती. १९९९ मध्ये बी. आर. एंटरप्रायझेस खटल्यात न्यायालयाने कायदा वैध ठरविला, पण त्याचा अर्थ संकुचित केला: जे राज्य स्वतः कोणतीच सोरट चालवीत नाही, त्यालाच इतरांच्या तिकिटांवर बंदी घालता येईल.