कार्डावर उरलेली मक्का

रमजानात मक्केचे जुने पोस्टकार्ड हाती आले, की नजर आधी काबागृहावर जाते. संग्राहक मात्र आजूबाजूला पाहतो. जमजमच्या विहिरीवरची इमारत, चार मजहबांच्या इमामांचे छोटे मंडप... १९५५ पासूनच्या विस्तारकामात हे सारे गेले. आता ते फोटोंत आणि कार्डांतच भेटते.

पण चित्र फसवतेही. जुना फोटो पुढे वर्षानुवर्षे छापला जाई. म्हणून कार्ड उलटायचे. १९०२ पूर्वी ब्रिटनमध्ये मागे फक्त पत्ता लिहीत, खुशाली चित्राच्या कडेला दाटीवाटीने. मागे मधोमध रेघ असेल, तर ब्रिटिश कार्ड त्यानंतरचे.

सर्वांत भरवशाचा टपालाचा शिक्का. तिकिटांच्या शौकिनांनी मात्र कितीतरी कार्डे पाण्यात भिजवली! तिकिटाबरोबर तारीख गेली, आणि कार्ड कुठून निघाले तेही.